मोडलेला निश्चय आणि बंधूंचा हात

एकदा निश्चय केला आणि तो मोडला. पुन्हा केला, पुन्हा मोडला. अशा माणसाने तिसऱ्यांदा निश्चय करावा काय? आणि त्याने केलाच, तर त्यावर इतरांनी विश्वास ठेवावा काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु ह्याच प्रश्नापाशी येऊन कित्येक माणसे मंडळीच्या दारातून मागे फिरतात. विडी-सिगारेट सोडण्याच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजले आहे. विषय किरकोळ आहे असे कोणी समजू नये. मोठ्या पापांविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. पण सामान्य माणूस रोज हरतो तो अशा लहान लढाईतच.

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन ह्या दोन स्टेशनांच्या मध्ये भेस्तान आहे. जवळच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आणि आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव ह्या मुलखातून मराठी माणसे पोटासाठी इकडे येत आली आहेत. इतकी, की सुरत महानगरपालिका आपल्या प्राथमिक शाळा मराठी माध्यमातूनही चालविते. ह्या वस्तीतला एक बंधू आपण डोळ्यांपुढे आणू. तो कोणी एक ठराविक माणूस नव्हे. आपापल्या मंडळीकडे पाहिले तर वाचकांना त्याचा चेहरा सहज सापडेल.

वय चाळिशीचे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. खात्यात सूत आणि कापड पसरलेले, त्यामुळे आत काडी पेटविण्याची सोय नाही. चहाच्या वेळी सारेजण बाहेर पानाच्या गल्ल्यावर जमतात. मागांच्या खडखडाटात दिवसभर जे बोलता आले नाही ते तिथे बोलायचे, गावाकडे पाऊस झाला का ते विचारायचे, मालकावर थोडे रागवायचे, आणि एकाने काडी ओढली की तिच्यावर तिघांनी विड्या पेटवायच्या. विडी सोड असे आपण त्याला सांगतो तेव्हा त्याच्या कानाला ते असे ऐकू येते की ही पाच मिनिटांची सोबतही सोड. हे ध्यानात न घेता 'टाकून दे' म्हणणे फार सोपे आहे.

ह्या बंधूने ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत उभे राहून साक्ष दिली की, नव्या वर्षात मी विडीला शिवणार नाही. सर्वांनी 'आमेन' म्हटले. सतरा दिवस तो खरोखरच शिवला नाही. अठराव्या दिवशी रातपाळीत एक विडी ओढली आणि आठवडा संपण्यापूर्वी पूर्ण बंडल खिशात आले. त्या रविवारी तो उपासनेला आला नाही. कपड्यांना वास येतो. प्रभुभोजनाला कोणत्या तोंडाने उठू, असे त्याला वाटले. 'त्यांना बरं नाही,' असे त्याच्या पत्नीने दारातच पास्टरसाहेबांना सांगितले. पुढचा रविवारही तसाच गेला. विडीने त्याच्या छातीचे जे काय केले असेल ते असो. शरमेने त्याला मंडळीतून उठविले. आमच्या मते येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो.

हे व्यसन देहात कसे घर करते ते प्रथम समजून घ्यावे. धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. असे वर्षानुवर्षे घडले की मेंदूला त्याची सवय होते, आणि ते मिळाले नाही की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, सारखी भूक असे सर्व सुरू होते. पहिल्या आठवड्यात ह्या त्रासाचा जोर फार असतो. तीन-चार आठवड्यांत तो बराच उतरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांतच ओसरते. कोणाचीही मदत न घेता जे सोडू पाहतात त्यांच्यापैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात, असे संशोधक सांगतात. कॅनडातील ओंटारियो प्रांतात झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कायमची सुटण्यापूर्वी पुष्कळांना तीस किंवा त्याहूनही अधिक वेळा प्रयत्न करावा लागत असावा, असा त्याचा अंदाज आहे. आपल्या देशात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. काहीजण अर्थातच दोन्ही ओढणारे. त्या सर्वांतले निम्म्याहून अधिक लोक सोडण्याचा विचार करीत होते. तेव्हा अठराव्या दिवशी पडलेला आमचा बंधू काही जगावेगळा दुबळा नव्हे. ह्या वाटेवर चालणारे बहुतेक जण असेच पडतात, आणि ज्यांची सुटली त्यांतलेही बरेचसे पडून उठलेलेच असतात.

येथे कोणी म्हणेल, माणसाला नीट समजावून सांगितले आणि कडक नियम केले म्हणजे झाले. इतिहास तसे सांगत नाही. इंग्रजी पवित्र शास्त्राचे १६११ चे प्रसिद्ध भाषांतर ज्याच्या आश्रयाने झाले, त्याच राजा जेम्सने १६०४ साली तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. त्याच सुमारास विजापुराहून परतलेल्या असद बेगने अकबर बादशहापुढे तंबाखू ठेवली. आणि १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई केली. राजाचे लिहिणे आणि बादशहाचा हुकूम दोन्ही कागदावर राहिले, आणि धूर गावोगाव गेला. आपल्या काळात मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या परिसरात डॉ. खानोलकर, डॉ. संघवी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी विडी व तंबाखू ह्यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ सालीच दाखवून दिला. २००३ साली कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आली, २००९ पासून पाकिटांवर इशाऱ्याची चित्रे आली. कायद्याचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याने पुष्कळ हित झाले आहे. परंतु आमच्या बंधूला चित्रही दिसते, कायदाही ठाऊक आहे, आणि तरीही त्याचा हात खिशात जातो. तेव्हा त्याच्यापाशी उणीव ज्ञानाची नाही.

हे कोडे फार जुने आहे. सॉक्रेटिसाचे मत असे होते की, जे वाईट आहे ते वाईट आहे असे खरोखर कळल्यावर माणूस ते करणार नाही. करतो तो अज्ञानाने. अॅरिस्टॉटलला हे पटले नाही. कळूनही न वळणारा माणूस असतो, हे त्याने आपल्या नीतिशास्त्रात मान्य केले आणि त्या अवस्थेचा स्वतंत्र विचार केला. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिताना, सातव्या अध्यायात, हीच फाटाफूट स्वतःविषयी बोलावी तशी सांगितली आहे: जे इच्छितो ते हातून घडत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडते. संत ऑगस्टीनने सवयीला साखळीची उपमा दिली. ती एकेका कडीने आपणच घडवितो आणि शेवटी तिच्यातच अडकतो. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत तो ह्या झगड्याने तळमळत होता, तेव्हा त्याचा मित्र अलीपियस जवळ बसून होता. त्याने उपदेश केला नाही. तो फक्त जवळ राहिला. ऑगस्टीनच्या परिवर्तनाची कथा सांगताना आपण ह्या मित्राला बहुधा विसरतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याच्या आधाराने पाळलेला निश्चय हा माझाच निश्चय म्हणता येईल काय? पुष्कळ स्वाभिमानी माणसांना तसे वाटत नाही. 'मी ठरवलं तर मी सोडीन. चार लोकांना सांगायची काय गरज?' असे ते म्हणतात. ह्यात पौरुष दिसते. परंतु त्याच्या पोटात भीती लपलेली असते. कोणाला सांगितले नाही म्हणजे मोडले तरी कोणाला कळणार नाही. निश्चय करतानाच माणूस आपल्यासाठी मागचे दार उघडे ठेवतो.

ह्याचे उत्तर आम्हांला निर्गमाच्या सतराव्या अध्यायात सापडते. रफीदीम येथे अमालेकाशी लढाई चालू असता मोशे टेकडीवर हात उंचावून उभा होता. हात वर असले की इस्राएलाची सरशी होई, खाली आले की अमालेकाची. मोशेच्या मनात शंका नव्हती, इच्छा दुबळी नव्हती. त्याचे हात मात्र जड झाले. तेव्हा अहरोन आणि हूर ह्यांनी त्याला बसावयास दगड दिला, आणि एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. आम्ही विचारतो, ते हात कोणाचे होते? मोशेचेच. बळ मात्र तिघांचे होते. अहरोनाने हात धरला म्हणून मोशेची प्रार्थना अहरोनाची झाली नाही. आणि मोशेने 'मला आधार नको' म्हटले असते, तर खाली लढणाऱ्या लोकांनी त्याच्या स्वाभिमानाची किंमत रक्ताने दिली असती. विडी ओढणाऱ्याच्याही टेकडीखाली लोक असतात: त्याच घरात त्याच्याच धुरात श्वास घेणारी लेकरे, आणि रोजच्या बंडलाचे पैसे वजा जाऊन उरलेल्यात घर चालविणारी पत्नी.

तथापि ह्याला दुसरी बाजू आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की ज्याने त्याने आपला भार वाहावा. वाचणाऱ्यास हे परस्परविरुद्ध वाटते. मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचा रोख माणसाला दडपून टाकणाऱ्या वजनाकडे आहे. दुसरा प्रत्येक प्रवाशाने आपल्या पाठीवर न्यावयाच्या गाठोड्यासाठी वापरला जाई. हा भेद आमच्या विषयाला नेमका लागू पडतो. तलफेचे पहिले तीन-चार आठवडे, जुनी सोबत तुटल्याचे दुःख, पुन्हा पडल्याची शरम, ही दडपणारी ओझी आहेत. ती इतरांनी उचलू लागली पाहिजेत. परंतु पुढे केलेली विडी नको म्हणणे हे ज्याचे त्याचे गाठोडे आहे. ते दुसरा कोणी उचलू शकत नाही, आणि उचलू पाहणारा मदतनीस न राहता पहारेकरी होतो.

वडील मंडळींपैकी काही जण येथे हरकत घेतील. असे सांभाळून घेतले तर तरुणांना सवलत मिळाल्यासारखे होईल. आणि वारंवार वचन देऊन मोडणे हे ढोंग नव्हे काय? हरकत प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. तंबाखूचे नाव पवित्र शास्त्रात नाही. ती ह्या बाजूच्या जगात आलीच मुळी १४९२ नंतर. पण देह ही देवाची ठेव आहे हे शास्त्रात स्पष्ट आहे, आणि विडीने त्या ठेवीची नासाडी होते ह्यात शंका नाही. ते सौम्य करून सांगावे असे आमचे म्हणणे नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, ढोंगी तो, जो पडला आणि न पडल्यासारखा पुढच्या बाकावर बसला. जो पडला आणि येऊन सांगतो, त्याला ढोंगी म्हणणे हा शब्दाचा चुकीचा वापर आहे. कडक बोलण्याने विडी सुटतेच असे नाही. पण ती लपते मात्र खास. आणि लपलेल्या व्यसनाला कोण कसा हात देणार?

पेत्राचे उदाहरण आपल्यापुढे आहे. त्याने मोठ्या आवेशाने शब्द दिला आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा मोडला. प्रभूला हे आधीच ठाऊक होते. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तो पेत्राला त्याच्या पडण्याविषयी सांगतो आणि त्याच बोलण्यात, परत वळल्यावर भावांना सावरण्याचे कामही त्याच्याकडे सोपवितो. पडणे आणि पुढचे काम ह्यांमध्ये प्रभूने बहिष्काराचा काळ ठेवला नाही. पुढे तलावाच्या काठी त्याने पेत्राला जे तीनदा विचारले ते प्रीतीविषयी होते.

आता आधार द्यावा तरी कसा? येथे सदिच्छा पुरत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९७१ ते २००३ पर्यंत १२,०६७ माणसांच्या नातेसंबंधांचा आणि धूम्रपानाचा मागोवा घेतला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की, माणसे एकेकटी न सोडता घोळक्याने सोडतात. पतिपत्नींपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनी कमी होतो. ह्यावरून सोबतीचे बळ कळते. परंतु घरच्यांना आधार देण्याचे धडे देऊन व्यसन अधिक सुटते काय, हे तपासणाऱ्या प्रयोगांचा आढावा २०१८ साली घेतला गेला, तेव्हा तसा स्पष्ट लाभ आढळला नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. धडा शिकलेला मदतनीस आणि स्वतः त्याच वाटेने चालणारा सोबती ह्यांत फरक आहे. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, मंडळीत दोघे-तिघे सोडू इच्छिणारे असतील तर त्यांनी एकाच दिवशी सोडावी आणि एकमेकांस धरून राहावे. चहाच्या वेळी गल्ल्याऐवजी दुसरीकडे, पण दोघांनी मिळून जावे. सोबत तुटू देऊ नये. तलफ आली की पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, हाताला काम द्यावे आणि काही मिनिटे जाऊ द्यावीत.

दुसरी सूचना घरच्यांना. 'आज ओढलीत का?' असे विचारण्याऐवजी 'आजचा दिवस कसा गेला?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचा मोह होतो; दुसऱ्याला खरे उत्तर देता येते. लेकरांना बापाच्या खिशावर पाळत ठेवण्यास कधीही सांगू नये. पहिल्या आठवड्यांतली चिडचिड ही औषधाच्या कडूपणासारखी समजून सोसावी. आणि पडलाच, तर अठराव्या दिवशी पडलेला माणूस सतरा दिवस उभा होता हे त्याला सांगावे. मग शांतपणे बसून तो अठरावा दिवस तपासावा: कोणती वेळ होती, कोण बरोबर होते, पोट रिकामे होते काय, झोप झाली होती काय? दुसरा प्रयत्न हा पहिल्याचीच पुनरावृत्ती ठरू नये. पहिल्याने शिकविलेले दुसऱ्यात वापरावे.

तिसरी सूचना अशी की, प्रार्थना आणि वैद्य ह्यांत विरोध मानू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे आणि निकोटीनचा डिंक ह्यांचा पुष्कळांना उपयोग होतो. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो. विडी सोडून मावा, मिश्री किंवा चुना-तंबाखूकडे वळणे म्हणजे मात्र सुटका नव्हे. रोगाने फक्त जागा बदलली. वय झाले, आता सोडून काय उपयोग, असेही म्हणू नये. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासात दिसले की, तिसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे आयुष्य, ओढत राहणाऱ्यांपेक्षा, अनुक्रमे सुमारे १०, ९, ६ आणि ३ वर्षांनी वाढते. साठीतल्या माणसालाही तीन वर्षे मिळतात. नातवंडांच्या आजोबाला ती थोडी नव्हेत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक विनंती. तंबाखूविरुद्ध धडा देताना वर्गात अशी मुले असतात की ज्यांचे वडील ओढतात. 'विडी ओढणारे वाईट' असे सांगितले तर ती मुले मान खाली घालतात आणि घरी जाऊन एकतर बापाचा तिरस्कार करतात किंवा धड्याचा. त्यापेक्षा मोशेच्या हातांची गोष्ट सांगावी. एका मुलास हात वर करून उभे करावे, थकू द्यावे, मग दोघांना त्याचे हात धरावयास लावावे. विडी हा जड शत्रू आहे आणि आपल्या घरातले मोठे माणूसही थकते, हे मुलांना त्यातून समजेल.

राहता राहिली मंडळी. साक्ष देण्याची रीत चांगली आहे. परंतु नवा निश्चय आधी दोघा-तिघा विश्वासू बंधूंपाशी सांगावा, आणि भर सभेत साक्ष देण्याची घाई करू नये, असे आम्हांला वाटते. मोठ्या सभेत दिलेला शब्द मोडला की शरमही सभेएवढी होते. प्रभूच्या मेजाविषयी आपली समजूतही तपासून पाहावी. त्या पहिल्या भोजनाला बसलेल्यांपैकी एकाने त्याच रात्री त्याला नाकारले आणि बाकीचे पळून गेले. पश्चात्तापाने येणाऱ्यास, मग तो सातव्यांदा येत असो, ते मेज मोकळे आहे. हे आमच्या बंधूला कोणीतरी घरी जाऊन सांगितले पाहिजे, कारण जो उपासनेलाच येत नाही त्याला ते व्यासपीठावरून ऐकू जाणार नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळीत कोणाची जागा काही रविवार रिकामी आहे, ते पाहावे. त्याची पाळी कधी सुटते ते विचारून त्या वेळी जावे. बरोबर एखादा असा बंधू न्यावा, ज्याची विडी तिसऱ्या किंवा दहाव्या खेपेस सुटली आहे. बोलणे थोडे असावे. चहा घ्यावा, प्रार्थना करावी, आणि निघताना पुन्हा कधी येणार तो वार ठरवून यावे. त्या वारी मात्र चुकू नये. निश्चय पाळण्याची जबाबदारी त्याची जशी आहे, तशी ती आपलीही आहे.